पाचशे प्रतींची रंगीत स्मरणिका: डिजिटल की ऑफसेट?

एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यवाहांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वाचनालयाला शंभर वर्षे पूर्ण होत असून त्यानिमित्त ११२ पृष्ठांची स्मरणिका काढायची आहे. आकार क्राउन १/४ (सुमारे सव्वासात × साडेनऊ इंच), मजकुरात लेख, जुनी छायाचित्रे आणि जाहिराती, आतील सर्व पृष्ठे रंगीत आणि प्रती पाचशे. याशिवाय दीडशे निमंत्रणपत्रिका आणि चाळीस सन्मानपत्रे करायची आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणचा एक मुद्रक म्हणतो की पाचशेच प्रती असतील तर डिजिटल करा. पुण्यातला दुसरा मुद्रक म्हणतो की ऑफसेटवर हजार प्रती काढा, पाचशेच्या मानाने खर्च फारसा वाढणार नाही. यांपैकी कोणाचे ऐकावे, असे त्यांनी विचारले आहे.

या दोघांपैकी कोणीही तुम्हाला फसवत नाही. प्रत्येक जण आपल्याकडे जे मशीन उभे आहे त्याचे गणित मांडतो आहे, आणि त्या मशीनपुरते ते गणित बरोबरच असते. मी या धंद्यात एकरंगी मशीनवर कागद लावण्यापासून सुरुवात केली, पुढे चाररंगी ऑफसेट चालवले, आणि गेली बारा-तेरा वर्षे दोन्ही पद्धतींची कामे रोज शेजारी शेजारी करून घेतो. त्या अनुभवावरून सांगतो की तुमचा प्रश्न एका कामाचा नाही, चार कामांचा आहे: मुखपृष्ठ, आतील पृष्ठे, निमंत्रणपत्रिका आणि सन्मानपत्रे. या चारही कामांना एकच उत्तर लागू करण्याचा प्रयत्न केला की कुठेतरी पैसे वाया जातात. शिवाय डिजिटल आणि ऑफसेट यांच्यामधली सीमारेषा केवळ प्रतींच्या संख्येवर ठरत नाही. पुस्तकाचा आकार आणि रंगीत पृष्ठे कुठे बसवली आहेत, या दोन गोष्टी ती रेषा बरीच इकडेतिकडे सरकवतात, आणि सुदैवाने या दोन्ही गोष्टी आज तुमच्या हातात आहेत.

आधी ऑफसेटचा खर्च कुठे होतो ते पाहू. चाररंगी छपाईत निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार शाईंसाठी चार ॲल्युमिनियमच्या प्लेट लागतात. प्लेटवरची आकृती रबरी ब्लँकेटवर उमटते आणि ब्लँकेटवरून कागदावर येते. तुमचे क्राउन १/४ आकाराचे पुस्तक २० × ३० इंची कागदावर छापले, तर कागदाच्या एका बाजूला आठ आणि दोन्ही बाजूंना मिळून सोळा पृष्ठे बसतात. हा झाला एक फॉर्म. ११२ पृष्ठांचे सात फॉर्म होतात, प्रत्येक फॉर्मच्या दोन बाजू, म्हणजे मशीन चौदा वेळा लावावे लागते आणि एकूण ५६ प्लेट लागतात. मुखपृष्ठाच्या प्लेट वेगळ्या.

आता मशीनजवळ उभे राहून पाहा. मशीनमन चार प्लेट चढवतो, शाईच्या किल्ल्या जुळवतो, पाण्याचे प्रमाण बघतो आणि थोडे कागद काढून कडेच्या रजिस्टरच्या, म्हणजे रंग एकमेकांवर जुळल्याच्या, खुणा भिंगाखाली धरतो. चारही रंगांच्या बारीक फुल्या एकावर एक तंतोतंत बसेपर्यंत आणि रंगपट्टीवर चारही शाया योग्य घनतेला येईपर्यंत जे कागद निघतात ते वेस्टेजमध्ये जातात. यात साधारण अर्धा तास जातो. त्यानंतर मशीन ताशी दहा हजारांच्या वेगाने धावू लागले तर तुमचे पाचशे कागद तीन मिनिटांत संपतात. चौदा वेळच्या सेटिंगचे सात तास आणि प्रत्यक्ष छपाईची बेचाळीस मिनिटे, असे हे काम आहे. प्रत्येक फॉर्मला दीडशे कागद वेस्टेज धरले, तर साडेतीन हजार चांगल्या कागदांसाठी हजाराहून अधिक कागद वाया जातात, म्हणजे सुमारे तीस टक्के. प्रती हजार केल्या तरी वेस्टेज जवळजवळ तेवढेच राहते आणि ते प्रमाण पंधरा टक्क्यांवर येते. पुण्याचे मुद्रक "खर्च फारसा वाढणार नाही" म्हणतात ते याच कारणाने.

रंगाचा हा नियम नवा नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलवला. तिथे एका चित्रासाठी प्रत्येक रंगाचा छपाईचा वेगळा दगड तयार करून एकेक रंग पाळीपाळीने छापावा लागे. एवढा खटाटोप केल्यावर चित्राच्या पुष्कळ प्रती निघाल्या तरच ते चित्र सामान्य घराच्या भिंतीवर जाऊ शकत होते. दगडाच्या जागी प्लेट आली, पण सुरुवातीचा खर्च प्रतींवर वाटला जाण्याचे तत्त्व तेच राहिले. ते तत्त्व खऱ्या अर्थाने मोडले १९९३ मध्ये, जेव्हा इंडिगो आणि झायकॉन या कंपन्यांची डिजिटल रंगीत मुद्रणयंत्रे बाजारात आली. त्यांत प्लेटच नव्हती. प्रत्येक कागदावरची आकृती नव्याने तयार होत असल्यामुळे पहिली प्रत आणि पाचशेवी प्रत यांचा खर्च सारखाच पडू लागला.

डिजिटलमध्ये पैसे मोजले जातात ते क्लिकवर, म्हणजे कागदाच्या एका बाजूच्या एका छापावर. आपल्याकडच्या बहुतेक डिजिटल मशीनवर १३ × १९ इंची कागद चालतो. इथे तुमच्या आकाराचा प्रश्न येतो. क्राउन १/४ चे कापून तयार झालेले पृष्ठ सुमारे सव्वासात × साडेनऊ इंचांचे असते. १३ × १९ च्या एका बाजूला अशी दोनच पृष्ठे बसतात आणि कडेची साडेतीन इंची पट्टी फुकट जाते. म्हणजे एका प्रतीला ५६ क्लिक. हेच पुस्तक डेमी १/८ आकारात, म्हणजे साडेपाच × साडेआठ इंचांत केले, तर त्याच कागदाच्या एका बाजूला चार पृष्ठे नीट बसतात. अर्थात डेमीचे पृष्ठ लहान असल्यामुळे तुमचा तोच मजकूर ११२ ऐवजी सुमारे १६४ पृष्ठांवर जाईल, हे विसरून चालणार नाही. तरीही १६४ भागिले चार म्हणजे ४१ क्लिक होतात. छप्पन्नाच्या जागी एकेचाळीस हा फरक पाचशे प्रतींवर साडेसात हजार क्लिकचा आहे. डिजिटलचे दरपत्रक मागवताना मी नेहमी हाच पहिला प्रश्न विचारतो: माझे पुस्तक तुमच्या कागदावर किती पृष्ठांनी बसते?

जाता जाता एक सूचना. दरपत्रक मागताना "पाने" हा शब्द वापरू नका, "पृष्ठे" म्हणा. कागदाच्या एका पानाला दोन पृष्ठे असतात. "११२ पाने" असे फोनवर सांगितल्यामुळे एका मुद्रकाने ११२ पृष्ठांचा आणि दुसऱ्याने २२४ पृष्ठांचा दर दिल्याचे मी पाहिले आहे, आणि मग ते दोन दर समोरासमोर ठेवून संस्थेची समिती तासभर वाद घालत बसते.

आता दोन्ही पद्धती एकमेकींना कुठे गाठतात ते काढण्याची रीत सांगतो. पुढचे रुपये केवळ उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुम्ही त्या जागी तुमच्या दरपत्रकातील आकडे घाला. समजा, ऑफसेटमध्ये प्लेट, सेटिंग आणि वेस्टेज मिळून ठरावीक खर्च ५०,००० रुपये आहे आणि त्यानंतर प्रत्येक प्रतीला कागद, छपाई व बांधणीचे ११० रुपये पडतात. डिजिटलमध्ये ठरावीक खर्च काहीच नाही, पण प्रत्येक प्रत २८० रुपयांना पडते. दोन्ही पद्धतींच्या प्रत्येक प्रतीच्या खर्चातला फरक १७० रुपये. ५०,००० ला १७० ने भागा, उत्तर येते २९४. म्हणजे या आकड्यांनुसार तीनशेच्या आत डिजिटल आणि तीनशेच्या पुढे ऑफसेट स्वस्त. पाचशे प्रतींना ऑफसेटवर १,०५,००० आणि डिजिटलवर १,४०,००० रुपये होतील. दोनशे प्रतींना मात्र ऑफसेटवर ७२,००० आणि डिजिटलवर केवळ ५६,०००. दोन्ही मुद्रकांकडून दोन वेगवेगळ्या प्रतिसंख्यांचे दर मागवले, उदाहरणार्थ तीनशेचा आणि सहाशेचा, तर त्यांतून प्रत्येकाचा ठरावीक खर्च आणि प्रतीचा खर्च तुम्हाला साध्या वजाबाकीने वेगळा करता येतो. एकाच संख्येच्या दरावरून काहीही कळत नाही.

हजार प्रतींच्या सल्ल्याकडे मी जरा गांभीर्याने पाहायला सांगेन. वरच्याच आकड्यांत पाचशेला प्रत २१० रुपयांना पडते आणि हजाराला १६० ला. हा दर मोहात पाडणारा आहे. पण तुमच्या खिशातून जाणारी रक्कम १,०५,००० वरून १,६०,००० होते. सभासद, देणगीदार, जाहिरातदार, लेखक आणि शेजारची वाचनालये यांची यादी करा आणि प्रती खरोखर किती हातांत पडणार आहेत ते नावानिशी मोजा. ती संख्या सहाशे निघाली, तर हजार प्रती काढून वाचकापर्यंत पोचलेली प्रत २६७ रुपयांना पडली असा त्याचा अर्थ होतो. गठ्ठ्यांत उरलेले चारशे अंक कपाटावर, मग माळ्यावर आणि शेवटी वाळवीच्या तोंडी गेलेले मी अनेक संस्थांत पाहिले आहेत, आणि ज्यांनी वर्षभर खपून मजकूर गोळा केला त्यांना ते पाहताना काय वाटते तेही पाहिले आहे. सहाशेची यादी असेल तर साडेसहाशे छापा.

मात्र तुमच्या बाबतीत मी त्याच्याही आधी वेगळाच प्रश्न विचारीन: सगळी ११२ पृष्ठे रंगीत कशासाठी? तुमचे लेख काळ्या अक्षरांत आहेत. जुनी छायाचित्रे कृष्णधवल आहेत. रंग हवा आहे तो रंगीत जाहिरातींना, अलीकडच्या कार्यक्रमांच्या छायाचित्रांना आणि कदाचित जुन्या ग्रंथांच्या मुखपृष्ठांच्या चित्रांना. हे सगळे ३२ पृष्ठांत, म्हणजे दोन फॉर्ममध्ये एकत्र बसवता आले, तर रंगीत भागाला १६ प्लेट आणि उरलेल्या ८० काळ्या पृष्ठांच्या पाच फॉर्मना १० प्लेट लागतात. ५६ च्या जागी २६. दोन रंगीत फॉर्म गुळगुळीत आर्ट पेपरवर आणि काळे फॉर्म चांगल्या, न चकाकणाऱ्या मॅपलिथो कागदावर घेतले की लेख वाचताना डोळ्यांवर चकाकी येत नाही आणि पुस्तकही हातात हलके लागते. असे केल्यावर पाचशे प्रतींना ऑफसेट हे उत्तर बहुतेक ठिकाणी निर्विवाद ठरते.

रंगीत पृष्ठे मजकुरात विखुरलेलीच हवी असतील, तर एका फॉर्मची एकच बाजू रंगीत करता येते. मग आठ प्लेटच्या जागी पाच लागतात. त्यासाठी फॉर्मची मांडणी माहीत असायला हवी. सोळा पृष्ठांच्या फॉर्ममध्ये एका बाजूला १, ४, ५, ८, ९, १२, १३ आणि १६ ही पृष्ठे येतात आणि दुसऱ्या बाजूला २, ३, ६, ७, १०, ११, १४ आणि १५. मी दुसरी बाजू रंगीत ठेवायला सांगतो, कारण २-३, ६-७, १०-११ आणि १४-१५ या चारही जोड्या पुस्तक उघडल्यावर समोरासमोर येतात, त्यामुळे रंगीत पृष्ठासमोर रंगीतच पृष्ठ दिसते. मात्र फॉर्मची सुरुवात कितव्या पृष्ठापासून होते आणि मुद्रक मांडणी कशी करणार आहे, हे त्याच्याकडून आधी लिहून घ्या आणि मगच जाहिरातदाराला रंगीत पृष्ठाचा शब्द द्या.

कृष्णधवल छायाचित्रांविषयी मला विशेष काळजीने सांगायचे आहे, कारण या बाबतीत माझ्याच हातून एक मोठी चूक झाली होती. एका शाळेच्या अमृतमहोत्सवी अंकात आजवरच्या मुख्याध्यापकांची कृष्णधवल छायाचित्रे होती. स्कॅन केलेल्या फाइल रंगीत पद्धतीतच राहिल्या आणि ते चेहरे काळ्या एका शाईऐवजी चारही शाया मिसळून छापले गेले. चार रंगांतून तयार होणारा करडा रंग फार नाजूक असतो. किरमिजी शाई किंचित वाढली की तो तांबूस दिसतो, कमी झाली की हिरवट. पहिला फॉर्म एका दिवशी छापला, दुसरा दुसऱ्या दिवशी. बांधणी झाल्यावर पृष्ठ १६ वरचे मुख्याध्यापक तांबूस आणि समोरच्या पृष्ठ १७ वरचे हिरवट दिसत होते, कारण ही दोन पृष्ठे समोरासमोर असली तरी वेगवेगळ्या फॉर्मवर असतात. तो फॉर्म मी स्वखर्चाने पुन्हा छापून दिला. तेव्हापासून कृष्णधवल चित्राची फाइल केवळ काळ्या शाईची आहे की नाही हे मी स्वतः उघडून पाहतो. डिजिटलमध्ये हाच दोष खर्चाच्या रूपाने पुढे येतो: दिसायला काळे असलेले पृष्ठ चार रंगांत गेले की मशीन ते रंगीत क्लिक म्हणून मोजते. पृष्ठाच्या खाली एक बारीकशी रंगीत रेघ असली तरीही तेच होते.

दर्जाबद्दल लोकांच्या मनात अजूनही अशी समजूत आहे की ऑफसेट म्हणजे अस्सल आणि डिजिटल म्हणजे झेरॉक्स. आजच्या चांगल्या डिजिटल मशीनवर, चांगल्या आर्ट पेपरवर छापलेले छायाचित्र सामान्य वाचकाला ऑफसेटपेक्षा वेगळे ओळखू येत नाही. फरक आहे तो शाई कागदावर कशी राहते यात. ऑफसेटची शाई कागदात थोडी मुरते. बहुतेक डिजिटल मशीनमध्ये टोनर, म्हणजे रंगाची भुकटी, उष्णतेने वितळून कागदावर थर बनून बसतो. त्यामुळे मॅपलिथोसारख्या न चकाकणाऱ्या कागदावर डिजिटलचा गडद भाग किंचित चमकतो आणि कागद वेगळा, छपाई वेगळी असे वाटते. खडबडीत पोताच्या कागदावर खळग्यांत टोनर नीट पोचत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गडद रंगाच्या भागावर घडी पडली की टोनरचा थर तडकतो आणि घडीवर पांढरी रेष दिसते. निळ्या किंवा काळ्या भरीव रंगाचे मुखपृष्ठ डिजिटलवर छापायचे असेल, तर आधी लॅमिनेशन आणि मग पुस्तकाच्या पाठीला व्यवस्थित क्रीज (घडीसाठी दाबरेघ) मारूनच घडी घालायला सांगा, आणि कागदाचा दाणा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, पाठीच्या समांतर आहे याची खात्री करा. मोठ्या सपाट रंगाच्या पट्ट्यावर डिजिटलमध्ये कधी कधी फिकट-गडद पट्टेही उमटतात. तिथे ऑफसेट अजूनही सरस आहे.

उलट बाजूने ऑफसेटची एक उणीव अशी की छपाई सुरू असताना शाई आणि पाणी यांचा तोल सतत सांभाळावा लागतो. सकाळचा आणि संध्याकाळचा कागद एकाच रंगाचा निघेल याची हमी मशीन देत नाही, मशीनमन देतो. म्हणून ऑफसेटमध्ये मशीनइतकेच माणसाला महत्त्व आहे. दरपत्रकात हे कुठेच लिहिलेले नसते, पण मुद्रकाने अलीकडे छापलेले एखादे पुस्तक मागून त्यातील माणसांचे चेहरे पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिले की ते लक्षात येते.

तुमच्या मुखपृष्ठावर भगवा रंग असेल असे गृहीत धरतो, कारण शताब्दीच्या बहुतेक मुखपृष्ठांवर तो असतो. संगणकाच्या पडद्यावर जो तेजस्वी भगवा दिसतो तो पिवळी आणि किरमिजी शाई एकमेकींवर छापून मिळत नाही. कागदावर तो थोडा मळकट, विटकरीकडे झुकलेला येतो. दोन्ही पद्धतींत हे होते, आणि यात मुद्रकाचा दोष नसतो. तो रंग नेमका हवाच असेल, तर ऑफसेटमध्ये भगव्याची तयार स्पॉट शाई पाचवी म्हणून वापरता येते. त्याला एक प्लेट आणि एक सेटिंग जास्त लागते. काही डिजिटल मशीनवरही पाचव्या रंगाची सोय असते, पण ती तुमच्या जवळपास उपलब्ध आहे का ते विचारावे लागेल. तेवढा खर्च करायचा नसेल, तर कार्यकारिणीला पडद्यावरचा रंग दाखवून मंजुरी घेऊ नका, छापील नमुना दाखवूनच घ्या.

देवनागरीसाठी आणखी एक दक्षता लागते. रंगीत पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे सोडायची असतील तर ती मोठी आणि ठळक ठेवा. रजिस्टर केसभर जरी हलले तरी बारीक पांढऱ्या अक्षराच्या कडा शेजारच्या शाईने भरून येतात, आणि मराठीत सर्वांत आधी बळी पडतो तो अनुस्वार. "संस्था" चे "सस्था" झाल्यावर वाचक रजिस्टरला दोष देत नाही, संपादकाला देतो. काळा मजकूरही शंभर टक्के काळ्या एकाच शाईत असला पाहिजे. चार शायांत तो गेला तर शिरोरेषेला रंगीत सावली पडते. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला आणि युनिकोडमधला मजकूर एकत्र केलेला असेल, तर जोडाक्षरे आणि रफार बिघडण्याची शक्यता असते. मुद्रकाला मूळ फाइल न देता फॉन्ट समाविष्ट केलेली पीडीएफ द्या, आणि ती पीडीएफ दुसऱ्या संगणकावर उघडून निदान एकदा पूर्ण वाचा. छायाचित्रांसाठी साधा हिशेब असा की चित्राच्या रुंदीतील पिक्सेलना ३०० ने भागले की ते किती इंच रुंद छापता येईल ते कळते. १२०० पिक्सेलचे चित्र चार इंचांपर्यंत ठीक, पूर्ण पृष्ठावर ते विरळ दिसणार. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली छायाचित्रे लहान होऊन आलेली असतात, म्हणून ती मूळ स्वरूपात, डॉक्युमेंट म्हणून मागवा.

तपासणीच्या बाबतीत डिजिटलचा एक मोठा फायदा तुम्हाला ऑफसेट निवडूनही घेता येतो. सर्व पृष्ठांची एक संपूर्ण प्रत डिजिटलवर छापून, बांधून मागवा. थोडे पैसे लागतील, पण हातात खरे पुस्तक आल्यावर चुका जशा दिसतात तशा त्या पडद्यावर किंवा सुट्या कागदांवर दिसत नाहीत. देणगीदारांच्या यादीतले वगळलेले नाव, उलटापालट झालेल्या छायाचित्रओळी, पृष्ठक्रमांकाचा गोंधळ हे सगळे त्या एका प्रतीत सापडते. ती प्रत तीन जणांनी वेगवेगळी वाचावी. मात्र त्या प्रतीतला रंग ऑफसेटवर तंतोतंत तसाच येईल असे धरू नका. रंगासाठी रंगीत फॉर्म मशीनवर असताना स्वतः हजर राहा, मनासारखा कागद निघाला की त्यावर सही करा, आणि पुढचे कागद त्याच्याशी ताडून पाहायला सांगा.

वेळेचे गणितही मांडून ठेवा. ऑफसेटची छपाई झाली की लगेच लॅमिनेशन किंवा बांधणी करता येत नाही. शाई वाळायला अनेक तास, मॅट आर्ट पेपरवर आणि गडद छपाईला त्याहूनही अधिक वेळ द्यावा लागतो. घाई केली तर खालच्या कागदाची शाई वरच्या कागदाच्या पाठीला लागते. पावसाळ्यात हे सगळे आणखी लांबते. हवेतला ओलावा शोषून कागदाच्या कडा लहरतात, रजिस्टर हलते आणि शाई वाळत नाही. त्यातच ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत पुण्या-मुंबईतले छापखाने दिवाळी अंकांच्या कामांनी भरलेले असतात आणि पाचशे प्रतींचे काम साहजिकच मागे पडते. तुमचा समारंभ त्या काळात असेल, तर मजकूर जूनअखेर मुद्रकाच्या हातात द्या. ते शक्य नसेल आणि दिवस अगदीच थोडे उरले असतील, तर समारंभाच्या दिवसापुरत्या शंभर प्रती डिजिटलवर आणि बाकीच्या नंतर ऑफसेटवर, असा मार्गही मी काही संस्थांना सुचवला आहे. त्यात एकूण खर्च वाढतो, पण व्यासपीठावर प्रकाशनासाठी कोरे पुस्तक रंगीत कागदात गुंडाळून ठेवण्याची वेळ येत नाही.

निमंत्रणपत्रिका दीडशेच असल्यामुळे त्यांच्यासाठी ऑफसेटचा विचारही करू नका. सन्मानपत्रे तर डिजिटलवरच व्हायला हवीत, कारण प्रत्येकावर नाव वेगळे आहे. नावांची एक एक्सेल फाइल दिली की मशीन प्रत्येक कागदावर वेगळे नाव छापते. यात चुकीची जबाबदारी पूर्णपणे त्या फाइलवर येते, म्हणून नावे संबंधितांकडून लेखी मागवा: "कुलकर्णी" मधला ऱ्हस्व उकार, वडिलांचे नाव लावायचे की नाही, नावाआधी "डॉ." आहे का. सन्मानपत्रावर अध्यक्षांची प्रत्यक्ष सही आणि शिक्का येणार असेल, तर ती जागा कोरी ठेवा, कारण टोनरच्या भरीव थरावर बॉलपेनची शाई नीट धरत नाही आणि शिक्का फिसकटतो.

म्हणजे तुमच्या कामाची वाटणी मी अशी करीन: ३२ रंगीत आणि ८० काळी पृष्ठे ऑफसेटवर, मुखपृष्ठ ऑफसेटवर मॅट लॅमिनेशनसह, निमंत्रणे आणि सन्मानपत्रे डिजिटलवर. पृष्ठसंख्या कमी-जास्त करायची झाली तर सोळाच्या पटीत करा, निदान आठच्या.

आणि मुखपृष्ठ मशीनवर असताना दीडशे प्रती जास्त छापून, लॅमिनेशन करून, क्रीज न मारता सपाट ठेवून द्या. प्लेट चढलेली असताना त्यांना कागद आणि लॅमिनेशन यांपलीकडे फारसा खर्च येत नाही. पुढच्या वर्षी कोणी वीस-पंचवीस प्रती मागितल्या, तर आतील पृष्ठे डिजिटलवर तेवढीच काढून याच मुखपृष्ठात बांधता येतील. फक्त त्या वेळी आतला कागद आजच्याच जाडीचा घ्या, कारण पुस्तकाच्या पाठीची जाडी बदलली तर छापलेले पाठीवरचे नाव मधोमध बसणार नाही.